बस्त्यावमामाचे पुढचे दात

“बघ, कसा झोपाळ्यावर बसलाय,” असं म्हणत बस्त्यावमामाने वरचा पुढचा दात जिभेच्या टोकाने बाहेर ढकलला आणि पुन्हा आत ओढला. ट्रॉम्बोन त्याच्या मांडीवर आडवा होता आणि हातातल्या रुमालावर सकाळपासूनचे लाल डाग सुकत आले होते.

“बाबा, तोंड मीट. कुणाला हौस नाही बघायची,” दारातून फिलोमिना म्हणाली.

“रेमूला बघू दे. माझा आवाज भरून घ्यायचाय ना त्याला? घागर कुठे गळतेय ते त्याला ठाऊक असलेलं बरं.”

रेमू म्हणजे मी, रेमंड. फिलोमिना मामाची मुलगी, शाळेत माझ्याच वर्गात होती. आता त्याच शाळेत ती मुलांना कॉम्प्युटर शिकवायची आणि घरी बापाला पथ्य. तिने बरोबर पेजेचा डबा आणला होता, कारण मामाला चार दिवस काही चावता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर त्याचे वरचे पुढचे चारही दात काढणार होते. साखरेच्या आजाराने हिरड्या पार पोखरून टाकल्या होत्या.

घरी आम्ही वसईच्या आमच्या बोलीतच बोलायचो. ती जशीच्या तशी लिहिली तर नायगावच्या खाडीपलीकडे कुणाला कळायची नाही, म्हणून ही सगळी बोलणी सरळ मराठीत लिहितोय. मामाच्या तोंडी ती जास्त शोभायची, एवढं समजून घ्या.

ज्याने कधी पितळी वाद्य तोंडाला लावलं नाही, त्याला वाटेल दातांचा आणि वाजवण्याचा संबंध काय. पण ट्रॉम्बोनची वाटी ओठांवर दाबून धरायची असते आणि ओठांच्या मागे दात नसतील तर दाबणार कशावर? भिंत पडली की खुंटी गेली. मामा चाळीसएक वर्षं लग्नांच्या आणि मयतांच्या मिरवणुकीत वाजवत आला होता, आणि दुसऱ्या दिवसापासून ते संपणार होतं. मला मात्र त्याच्याकडून एका गाण्यातला तुकडा अजून हवा होता. त्याच्यावाचून आमची रेकॉर्ड पुरी होत नव्हती.

आमच्या बँडचं नाव ‘मोडका पंप’. कॉलेजात असताना आम्ही चार पोरं पंक वाजवायचो, म्हणजे तीन सूर जमले की गळा फाटेस्तोवर ओरडायचो. गावातले लोक कानात बोटं घालून जायचे आणि फादर आमच्यासाठी प्रार्थना करायचे. मग एका सणाच्या दिवशी, चर्चच्या मैदानावर आमचं गाणं ऐन भरात असताना वीज गेली. गिटार मेली, माइक मेला, एकटा गिल्बर्ट ड्रम बडवत राहिला. मांडवाच्या कडेला लग्नाच्या बँडवाल्यांबरोबर जेवत बसलेला मामा हात पुसत उठला, ट्रॉम्बोन घेऊन वर आला आणि गिल्बर्टच्या दोन ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत एकेक सूर टाकत गेला. ठोका पडेल तिथे गप्प, मधे सूर. पाच मिनिटांत अख्खं मैदान नाचायला लागलं, आमच्या आया, मावश्यासुद्धा. या चालीच्या संगीताला जगात स्का म्हणतात, हे आम्हाला पुढे मुंबईहून आणलेल्या कॅसेटींमधून कळलं. मामाला ते कधीच कळलं नाही आणि त्याचं काही अडलंही नाही.

“तुम्ही पोरं नुसते धपाधप पाय आपटता,” तो त्या दिवशी म्हणाला होता. “दोन पावलांच्या मधे माणूस हवेत असतो, तिथे काही वाजवाल की नाही?”

त्यानंतर मामा आमचा झाला. बँडमधली पोरं बदलली, लग्नं झाली, कुणी आखातात गेलं. मी अंधेरीच्या स्टुडिओत केबली गुंडाळता गुंडाळता रेकॉर्डिंग शिकलो आणि बापाच्या बंद पडलेल्या कोंबड्यांच्या शेडमध्ये आमचा स्वतःचा स्टुडिओ थाटला. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या होत्या, तरी दमट दिवसांत कोंबड्यांचा वास यायचाच. तिथे आमची एकुलती एक रेकॉर्ड गेली सहा वर्षं रखडत होती. कधी ड्रमवाला नसायचा, कधी मी नसायचो. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, तसे हे मामाचे दात.

खरं सांगायचं तर मी थकलो होतो. जेसिंटा, माझी बायको, म्हणायची की तुझ्या त्या पंपाला पाणी कधी येणारच नाही, आणि ती खोटं बोलत नव्हती. मी प्रवासी बोटीवर साउंड इंजिनिअरची नोकरी धरली होती. त्या आठवड्यातच निघायचं होतं. हे एक गाणं संपवायचं, शेडला कुलूप लावायचं आणि सुटायचं, एवढंच मला हवं होतं.

“मामा, आज नको पूर्ण वाजवूस,” मी म्हटलं. “दुसऱ्या कडव्यानंतरचा तुझा तुकडा, तेवढाच दे. मी तिथून सुरू करतो, तू तिथून वाजव.”

“मधूनच? ती काय एस्टी आहे, मधल्या स्टॉपवर चढायला?”

“दाताला त्रास कमी होईल.”

“दात उद्या जाणारच आहे. त्याची कशाला मर्जी सांभाळायची?”

हा मामाचा जुना हट्ट. आमच्याकडच्या जुन्या बँडवाल्यांची रीत अशी की धून दारात सुरू केली की ती पुरी करूनच थांबायचं, मग घोडा बिथरो की पाऊस येवो. लग्नघरी अर्धी धून टाकणं म्हणजे अपशकुन. मामाने ती रीत स्टुडिओतही सोडली नव्हती. बाकीच्यांचं मी चुकलेल्या जागेपासून पुन्हा भरून घ्यायचो, एखादा शब्द, एखादा सूर. मामाचं तसं जमायचंच नाही. पहिल्याच सुरात चुकला तरी गाणं संपेपर्यंत वाजवायचा, मधे हात केला तर डोळे मिटून घ्यायचा. मग सुरुवातीपासून दुसरा टेक.

गिल्बर्ट माझ्या शेजारी बसला होता. त्याचे ड्रम केव्हाच भरून झाले होते, तो केवळ मामासाठी दुकान बंद करून आला होता. मी पंखा बंद केला, कारण त्याची घरघर माइकमध्ये यायची, आणि मे महिन्यातली ती शेड भट्टीसारखी तापली. काचेपलीकडे मामा उभा राहिला. वाजवताना तो कधी बसत नसे.

गाण्याचं नाव ‘नळाला पाणी नाही’. सगळा आरडाओरडा, शिव्या, टँकरची वाट बघणाऱ्या बायकांची भांडणं. दुसऱ्या कडव्यानंतर मात्र सगळे थांबतात, नुसता ड्रम आणि गिटारचा मधला ठेका उरतो आणि त्यावर मामाची धून येते. ती त्याने स्वतः बांधली होती. मयताहून परतताना सुचली, म्हणायचा.

पहिला टेक पाण्यात गेला. वाटी ओठांवरून घसरत होती आणि सूर फुसफुसत होते. दुसऱ्यात सुरुवात बरी झाली, पण त्याच्या स्वतःच्या धुनेपाशी येईतो ओठ सुजले होते. तिसऱ्याबद्दल न बोललेलं बरं. प्रत्येक वेळी तो शेवटापर्यंत गेला, प्रत्येक वेळी ट्रॉम्बोन खाली ठेवून रुमाल तोंडाला लावला.

फिलोमिना दारात आली. “रेमंड, पुरे आता. साखर वाढलीय त्याची. दुपारची गोळी घ्यायचीय.”

“मी थांबवत नाहीये त्याला, फिलू. तोच ऐकत नाही.”

“तू मशीन बंद केलंस तर कसं वाजवेल?”

“मशीन बंद केलं तरी वाजवेल,” गिल्बर्ट म्हणाला. ते तिलाही ठाऊक होतं. आमचं संगीत तिला जन्मात आवडलं नव्हतं. गरम तव्यावर चालल्यासारखं वाटतं, असं ती चारचौघांत सांगायची.

मामा पेज प्यायला बाहेर गेला तेव्हा गिल्बर्ट माझ्या कानाशी वाकला. “तुकडे जोड ना. पहिल्यातले चार सूर, दुसऱ्यातले चार. कुणाला कळतंय?”

“त्याला कळेल.”

“तोवर तू बोटीवर असशील.”

मलाही तोच मोह होत होता. चांगले सूर वेचून, थोडे खेचून, थोडे आवळून मी मामा तयार करू शकलो असतो. मी स्क्रीनवर ते तुकडे पुढेमागे करून पाहिलेही. जमत होतं, पण ऐकताना कुणी दुसराच माणूस मामाचे कपडे घालून उभा असल्यासारखा वाटत होता.

मामा परत आला. “आता एकदाच,” तो म्हणाला. “आणि बघ रेमू, तू तोंड पाडून बसू नकोस. काचेतून दिसतं मला.”

चौथा टेक सुरू झाला. आता काय बदललं होतं ते मला आजही सांगता येणार नाही. दुखण्याची कुठली तरी हद्द ओलांडली असेल. पहिल्या कडव्यात त्याने दोन ठोक्यांच्या मधे सूर असे टाकले की गिल्बर्टचे हात आपोआप मांडीवर चालायला लागले. दुसऱ्या कडव्यात तर तो मस्करी करत होता, नळी सरकवून टँकरच्या हॉर्नसारखा आवाज काढत होता. मग बाकीची वाद्यं थांबली आणि त्याची धून आली.

मी ती शेकडो वेळा ऐकली होती. त्या दिवशी ती हळू होती, म्हणजे ठेका तोच, पण त्याला कसली घाई नव्हती. एकेक सूर उशिरा, अगदी पडता पडता पोचत होता. मयताहून परतणारी माणसं चालतात तशी ती धून चालली होती, गप्पा मारत, मधेच कशाला तरी हसत. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. गिल्बर्ट मान खाली घालून बसला होता. दार कधीचं उघडं होतं आणि त्यात फिलोमिना उभी होती. उघड्या दारातून बाहेरचा आवाज माइकमध्ये येईल, हेसुद्धा मी तिला सांगितलं नाही.

धून निम्म्यावर आली आणि थांबली.

मामाने ट्रॉम्बोन तोंडापासून दूर केला होता. ड्रम आणि गिटारचा ठेका एकटाच पुढे चालला होता. मी वाट पाहिली, तो पुन्हा घेईल म्हणून. चाळीस वर्षांत त्याने कधी मधे सोडलं नव्हतं. त्याने एक हात तोंडाशी नेला, मग मूठ मिटून खाली घेतला आणि गाणं संपेपर्यंत ताठ उभा राहिला.

तो आत आला आणि माझ्यापुढे मूठ उघडली. तळहातावर दात होता.

“डॉक्टरचं काम थोडं हलकं केलं,” तो म्हणाला. दात गेल्याने शब्दांतून वारा जात होता. “लाव. ऐकू दे.”

मी लावलं. त्याने उभ्याउभ्या ऐकलं, डोळे मिटून. धून थांबली तिथे त्याने डोळे उघडले.

“पुस.”

“मामा, हे सोनं आहे,” गिल्बर्ट म्हणाला. “एवढंच ठेवू या. अर्धं तर अर्धं.”

“अर्धं कुणाचं असतं? अर्धं कुणाचंच नसतं. मी गेल्यावर लोक ऐकतील आणि म्हणतील, इथे बस्त्यावचा दात पडला.” तो हसला, पण डोळ्यांनी नाही. “पुस रे रेमू. सकाळचंही सगळं पुस.”

मी नेहमीसारखं बटण दाबल्याचं नाटक केलं. “बरं. पुसलं.”

“दाखव.”

रेकॉर्डिंगवाल्यांचं एक व्रत असतं, की पुसू म्हणायचं आणि पुसायचं नाही. वाजवणाऱ्याला त्या घडीला स्वतःचं काहीच आवडत नसतं आणि दुसऱ्या दिवशी तेच हवं असतं. दोन वर्षांपूर्वी मामाचाच एक टेक मी असा दडवला होता आणि रेकॉर्डमध्ये घातला होता. तेव्हा तो खूश होऊन आगाशीच्या बाजारात सगळ्यांना सांगत सुटला होता की हे मशीनवाले कसे लबाड असतात. आता ती लबाडी मला भोवत होती.

“तेव्हा चाललं,” मामा म्हणाला. “आज तसं करू नकोस. ते नको म्हणून टाकलेलं होतं, हे मधेच सुटलेलं आहे. फिलू, इकडे ये. तू शिकवतेस ना पोरांना हे? बघ, याने खरंच पुसलंय का.”

फिलोमिना आली. मी खुर्ची सोडली. तिने माउस हातात घेतला, बघितलं आणि हळूच म्हणाली, “आहे अजून.”

“मग पुस तू.”

तिने पुसलं. कचरापेटी उघडून तीही रिकामी केली. माझ्या टेबलाखाली एक दुसरी डिस्क जोडलेली असायची. कॉम्प्युटरने दगा दिला तर हाताशी असावी म्हणून सगळं रेकॉर्डिंग त्याच वेळी तिच्यावरही उतरायचं. तिचा हिरवा दिवा मिणमिणत होता. फिलोमिनाची नजर त्या दिव्यावर गेली, मग माझ्यावर आली आणि तिथेच थांबली.

“झालं, बाबा,” ती माझ्यावरची नजर न काढता म्हणाली. “आता कुठेच नाही.”

ती नजर मला लागली. वर्गात मॉनिटर असताना ती कुणाची चोरी पकडली की अशीच बघायची. मला वाटलं, ती सांगतेय, रेमंड, मी माझ्या बापाला शब्द दिलाय, तो तू खरा करायचा.

मामाने मला जवळ घेतलं. “माझ्या जागी कुणाला घेऊ नकोस. ठेका चालू दे नुसता. बोटीवर नीट राहा. आणि तिथल्या जेवणात डुक्कर सांभाळून खा.” मग ट्रॉम्बोन त्याच्या पेटीत ठेवून दोघं बागेतल्या वाटेने गेली. पेटी फिलोमिनाने घेतली होती.

गिल्बर्ट दुकान उघडायला गेला. कुणी बघत नव्हतं, कुणी कधी विचारणारही नव्हतं. मी हेडफोन लावून ते अर्धं एकदा ऐकलं. मग म्हटलं, आयुष्यभर लोकांना पुसलं पुसलं म्हणून फसवत आलास, या एका म्हाताऱ्याशी तरी खरं वाग. मी दुसऱ्या डिस्कवरचंही पुसलं. पंखा लावला. मला हलकं वाटलं आणि थोडा अभिमानही वाटला, तो नाकारत नाही.

रेकॉर्ड निघाली. शेवटच्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर बराच वेळ नुसता ठेका वाजतो. ज्या थोड्यांनी ती घेतली, त्यांतल्या दोघांनी सीडी खराब आहे म्हणून परत आणली. बँड तिथेच संपला. मी बोटीवर नऊ वर्षं दुसऱ्यांच्या नाचगाण्यांचा आवाज सांभाळला. हल्ली नालासोपाऱ्यात माझा छोटा स्टुडिओ आहे, भजनं, चर्चची गाणी, औषधांच्या जाहिराती, येईल ते करतो. मामाने कवळी लावली आणि लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल गळ्यात घेतला. त्याला दात लागत नाहीत, म्हणायचा. पुष्कळ वर्षं हसतखेळत वाजवला त्याने तो. कधी भेटलो तर त्या दिवसाचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही.

तो गेला तेव्हा मी गावातच होतो. सगळ्या वसईतले बँडवाले त्याला पोचवायला आले होते. महिन्याने चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना झाली, त्यानंतर फिलोमिनाने मला घरी बोलावलं. तिने अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. केसांत पांढरं दिसत होतं. चहा देऊन ती समोर बसली.

“रेमंड, आता द्यायला हरकत नाही.”

“काय?”

“ते. बाबाचं अर्धं.”

मी कप खाली ठेवला. “फिलू, ते पुसलं ना आपण. तूच पुसलंस.”

“ते मी पुसलं. मी खालच्या डिस्कवरचं म्हणतेय.” ती हसत होती, आता लबाडी उघडी करायला मोकळी झाल्यासारखी. “मी काही बोलले नाही इतकी वर्षं. बाबा होता तोवर मागायचंच नाही असं ठरवलं होतं. मी फक्त तेवढंच ऐकलंय त्याचं नीट, त्या दिवशी, दारातून. बाकी सगळ्यात तो तुमच्या गोंगाटात असतो.”

“तेही पुसलं,” मी म्हटलं. “तुम्ही गेल्यावर.”

तिचं हसू लगेच गेलं नाही. मी थट्टा करतोय असं तिला थोडा वेळ वाटलं असावं.

“का?” तिने विचारलं. “कोण बघत होतं तुला?”

“तू. तू दिव्याकडे बघितलंस आणि मग माझ्याकडे. मला वाटलं, तू बजावतेयस. बापाला फसवू नकोस म्हणून.”

तिने माझा कप उचलला, चहा निवला होता तो ओतून टाकला आणि आत जाता जाता, माझ्याकडे न बघता म्हणाली,

“मी माझ्या बापाशी पहिल्यांदा खोटं बोलले होते, रेमंड. तू ते ठेवावंस म्हणून.”